पणजोबा 'मनमाडीत गेले' ते परत आलेच नाहीत. जुन्या कागदांवरून माणूस सापडतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मागच्या महिन्यात आत्याचं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेलं एक पुडकं. त्यात नऊ पोस्टकार्डं, एक घडी घातलेला मोठा कागद (मोडीत), आणि पेपरातलं एक पिवळं पडलेलं कात्रण, निधनवार्तेचं.

पार्श्वभूमी अशी की आमच्या आजोबांना त्यांचे वडील आठवतच नव्हते. आजोबा दोन-अडीच वर्षांचे असताना त्यांची आई तापाने गेली आणि वडील म्हणजे माझे पणजोबा 'मनमाडला गेले' ते परत आलेच नाहीत, असं घरात सगळे सांगतात. कोणी म्हणतं रेल्वेत लागले, कोणी म्हणतं तिथे दुसरा संसार मांडला. आजोबा मामाकडे वाढले. बाबा सांगतात की आजोबांबरोबर गाडीने कुठेही जाताना मनमाड आलं की आजोबा खाली उतरायचेच. पाणी भरायच्या निमित्ताने फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचे आणि गाडी हलली की चढायचे. बाबांचा जीव टांगणीला.

मी ऑनलाइन मोडीचा बेसिक क्लास केलाय, त्या जोरावर तो मोठा कागद वाचायचा प्रयत्न केला. एका ओळीत चक्क लिहिलंय, "आबा मनमाडीत गेले ते आपणास श्रुत आहेच. पोर लहान, जमिनीचे पाहणारे कोणी नाही." वर साल आहे सन १३२८. हे काय प्रकरण आहे माहीत नाही.

प्रश्न असा की मनमाडमध्ये त्या काळचा माणूस शोधायचा तर कुठे? रेल्वेचे जुने हजेरीपट मिळतात का? कोणी असं काही केलंय का? (गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, भाऊबंदकी जागी व्हायला नको.)

चहाटळ
सन १३२८!! म्हणजे तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली त्याच्या पुढच्याच वर्षी. तुमचे पणजोबा सामान उचलायला गेले असणार, मनमाड वाटेवरच आहे.

गोदाकाठ
@चहाटळ 😂😂 पण ताई, घाबरू नका, तो फसली सन आहे. सारावसुलीचं साल. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात सगळे कागद फसलीतच असायचे. ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतं. १३२८ म्हणजे १९१८-१९. निजामाकडे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि तुमच्या इंग्रजी मुलखात मृगाला, एवढाच फरक.

रानजाई
अरे वा, धन्यवाद! माझ्या भावाने ते 'चुकून १९२८ चं १३२८ लिहिलंय' असं ठरवून टाकलं होतं. एक सांगायचं राहिलं, पणजोबांचं गाव गोदावरीच्या नगरकडच्या काठावर आणि पणजीचं माहेर पलीकडच्या काठावर. आजोबा पलीकडे वाढले.

गोदाकाठ
मग जमतंय बरोबर. नदीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. पत्र अलीकडून पलीकडे गेलंय, आणि लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला कळेल असं साल घातलंय. आमच्या घरी तर मोडी, उर्दू आणि बालबोध तिन्ही एकाच कागदावर आहे, त्यातलं एकही कोणाला वाचता येत नाही.

जुनेपुराणे
सालांचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. शक असेल तर ७८ मिळवायचे, पण वर्ष पाडव्याला बदलतं त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखांना बऱ्याचदा ७९. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आणि गंमत म्हणजे तो आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहितात आणि तेही उलटीकडून, एकं आधी. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार. ११७६. म्हणजे इसवी १७७५-७६. यातलं 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर. मी एकदा घाईत सबैनचं सबा वाचलं आणि आमच्या एका पूर्वजाला ६३ वर्षं आधी जन्माला घातलं. त्याच्या बापाच्याही आधी.

चहाटळ
ते पानिपतात पडले असतील ना पण? सगळ्यांचेच पडलेत. मी हिशेब करतोय, माझ्या ओळखीतल्या लोकांचे पूर्वज मोजले तरी १४ जानेवारी १७६१ ला मैदानात उभं राहायला जागा नव्हती.

तिरकस
मला एक कळत नाही, हे सगळं करून मिळतं काय? पणजोबा मनमाडला गेले, दुसरं लग्न केलं असेल, नसेल. शंभर वर्षं झाली. उद्या तिकडचे चार चुलत नातेवाईक सापडले तर जमिनीत हिस्सा मागायला येतील. झाकली मूठ राहू द्या.

आत्याबाई
@तिरकस, ज्यांची मूठ झाकलेली असते तेच असं बोलतात हो. 🙂 आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे, जाडजूड, कापडी बांधणीचा. त्यात माझ्या पणजीच्या सासूबद्दल किती माहिती असेल? "पत्नी, माहेरचे नाव अज्ञात." आणि तिच्या मुलींची नोंद "कन्या ३". तीन मुली, आणि त्यांना नावंच नाहीत. त्याच पानावर तिच्या दिराच्या घोडीचा मात्र उल्लेख आहे, पांढरी होती म्हणे.

त्या तीन मुली मी शोधल्या, पत्रांवरूनच. पत्रात कोणाचं नाव शोधू नका, मायना बघा. "ती. सौ. वन्सं" म्हणून एकीला लिहिलेली पत्रं होती. एका पत्रापर्यंत 'सौ.' आणि पुढच्या पत्रात एकदम 'गं. भा.'. मधल्या अडीच महिन्यांत तिचा नवरा गेला. कोणत्याही पत्रात ते लिहिलेलं नाही, लिहायची पद्धतच नव्हती, पण दोन अक्षरं बदलली. तसंच 'चि.' चा 'रा. रा.' कधी झाला ते बघा, मुलगा कमावता झाला. 'ती.' चा 'कै.' झाला तर कळलंच.

पाटीपेन्सिल
आत्याबाई, अंगावर काटा आला वाचताना.
माझा पण सेम प्रॉब्लेम, आजीची माहेरची बाजू पूर्ण कोरी. लग्नात नाव बदललेलं त्यामुळे माहेरचं नावच कोणाला माहीत नाही. शेवटी त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आजीच्या भावाच्या हातचा लेख मिळाला, त्याने बहिणींची नावं घातली होती. तिकडे जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही माहीत हवं, नुसत्या आडनावावर गुरुजी हात वर करतात.

अटकेपार
कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या लोकांनी हेळव्यांना विचारा. आमच्या लहानपणी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात, पण वंशावळ धडाधड म्हणून दाखवतात. माझा नुकताच झालेला मुलगा पण त्यांनी वहीत चढवला, इथे परदेशात जन्माचा दाखला मिळायला जास्त वेळ लागला.

मीच_तो
मी काय म्हणतो एआयला द्या ना फोटो. हल्ली सगळं वाचतं.

रानजाई
@मीच_तो दिला होता. त्याने आधी सांगितलं हे कन्नड आहे, मग म्हणाला किराणा मालाची यादी आहे.

बोरू_टाक
नमस्कार. मी गेली वीस-बावीस वर्षं मोडी वाचतो, हौसेने. धागा शांतपणे वाचत होतो पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो.

रानजाई, तुम्ही वाचलंय "मनमाडीत गेले". आपल्या भाषेत गावाला जाणारा माणूस 'मनमाडास' जातो. 'पुण्यास गेले', 'नगरास गेले', 'काशीस गेले'. 'मनमाडीत' कोण म्हणेल? 'मनमाडीं' म्हटलं असतं तरी एक वेळ समजलो असतो. ते 'त' चुकीचं असेल नाहीतर त्याच्या आधीचं सगळं चुकीचं असेल. त्या ओळीचा फोटो टाकाल का?

रानजाई
काका, टाकला आहे खाली. कागदाची घडी नेमकी त्याच ओळीवरून गेलीय त्यामुळे नीट दिसत नाही. 'त' मात्र स्पष्ट आहे.

बोरू_टाक
पाहिला. अवघड आहे. मोडीत लिहिणारा आधी संपूर्ण कागदावर रेघा ओढून घेतो आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातो, शब्दांमध्ये जागा सोडत नाही, हात उचलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना सुटा उभा राहत नाही, अक्षरातूनच ओढून वर नेतात, त्यामुळे 'म' आणि 'मा' मध्ये नवशिक्याची फसगत होतेच. आणि रेघेच्या वरच्या मात्रा तर घडीत सगळ्यात आधी मरतात. तुमच्या फोटोत नेमकं रेघेच्या वरचं काही दिसत नाही. फ्लॅश मारून काढलाय ना?

असं करा. कागद पाण्याच्या वाफेवर वगैरे अजिबात धरू नका. दोन-तीन दिवस दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये जाड पुस्तकाखाली ठेवा, घडी आपोआप बसेल. मग खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलची बॅटरी कागदाच्या अगदी बाजूला टेबलावर आडवी ठेवा आणि दुसऱ्या मोबाईलने वरून फोटो काढा. बोरूने कागदावर जो ओरखडा पडलेला असतो त्याची सावली पडते, शाई उडाली असली तरी. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका.

पाटीपेन्सिल
लॅमिनेट वरून आठवलं. आमच्या काकांनी हौसेने आजोबांची सगळी पत्रं लॅमिनेट करून आणली, दुकानदाराने मशीन जास्त तापवलं, चार पत्रं तपकिरी झाली आणि आता ती आतल्या आत करपतायत. सेलोटेपही नको. काकांना अजून वाटतं त्यांनी मोठं काम केलंय, दिवाळीला भिंतीवर लावतात.

साखळीवाला
मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो, आता निवृत्त. गावाचं नाव दिलं नाहीत ते चांगलंच केलंत, पण नगर बाजूचा गोदाकाठ म्हणजे नेवासे नाहीतर शेवगाव, आणि असं काठावरचं गाव असेल तर जायकवाडीत गेलं असेल. बरोबर का?

रानजाई
काका, कसं ओळखलंत?! हो, ते गाव आता पाण्याखाली आहे. म्हणूनच तर मला वाटलं तिकडचं काही मिळणारच नाही, म्हणून मनमाडच्या मागे लागले.

साखळीवाला
गाव बुडालं, पण दप्तर बुडत नाही. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा पाया १९६५ चा, उद्घाटन १९७६ चं. त्याच्या आधीचे तुमच्या गावचे सगळे कागद तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेलेले असतात. काय मागायचं ते सांगतो.

आधी नकाशा घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं एक इंची शीट, म्हणजे एक इंचाला एक मैल. शेवगावचा भाग ४७ एम मध्ये येतो. नवीन शीटवर निळा रंग दिसेल, जुन्या शीटवर गाव दिसेल, वाटा, विहिरी, देवळं सगळं. ते नाही मिळालं तर अमेरिकन आर्मीचे १९५० च्या दशकातले अडीच लाखाला एक स्केलचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, धरणाच्या आधीचे. बारीक वाडी नसेल त्यात पण गाव असेल.

नकाशावरून काय कळतं? एकाच नावाची दहा गावं असतात ना, पिंपळगाव, वडगाव, सगळीकडे. पत्रात 'नदी उतरून आलो' किंवा 'बाजारास अमुक गावी गेलो' असं काही असेल तर ते अंतर नकाशावर बसवून बघायचं, एका दिवसात बैलगाडी जाते किती. मग नेमकं कुठलं पिंपळगाव ते ठरतं.

गाव ठरलं की दोन कागद. एक, फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याची नोंद. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे, त्यामुळे १९१८-१९ ला कोणी मयत झालं असेल तर वारसाचा फेर पडलेला असण्याची शक्यता भरपूर. आणि दुसरा, गाव नमुना १४. जन्ममृत्यूची नोंद, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला जी दप्तरं बाहेर काढली त्यात हीच होती. बऱ्याच ठिकाणी स्कॅन झालीयत.

मनमाडला जायच्या आधी तालुक्याला जा. माणूस बेपत्ता झाला असेल तर त्याच्या नावावरची जमीन पुढे कशी गेली ते फेरफारात लिहावंच लागतं.

चहाटळ
साखळीवाले काका, एक शंका, खरंच साखळीने मोजायचे का हो?

साखळीवाला
मग काय टेपने? शंकू-साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठे एकर. आमच्या आधीच्या लोकांनी गोल्डस्मिड आणि विंगेट साहेबांच्या काळापासून अशाच मोजण्या केल्या आणि त्यांची टिपणं काढून बघा, आजच्या मशीनला बोटभर फरक सापडत नाही. उन्हात साखळी तापून लांब होते म्हणून दुपारी मोजायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं. असो, विषय भरकटला.

तिरकस
तालुक्याला जा म्हणायला सोपं आहे. मी आमच्या तालुक्याला एका नोंदीसाठी सहा चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा किल्ली नव्हती, तिसऱ्यांदा किल्ली होती पण खोलीत साप होता. चौथ्यांदा म्हणाले तेवढं एकच वर्ष वाळवीने खाल्लंय.

आत्याबाई
@तिरकस, अहो पण सहा चकरा मारल्यात म्हणजे तुम्हीही शोधत होतातच की! झाकली मूठ कुठे गेली?

तिरकस
... वडिलांसाठी मारल्या. त्यांना हवं होतं.

अटकेपार
@रानजाई, त्या निधनवार्तेच्या कात्रणाबद्दल तुम्ही नंतर काहीच बोलला नाहीत. कोणाची आहे? इकडे वंशावळ शोधणारे लोक निधनवार्तेवर फार भर देतात, 'पश्चात' वाला परिच्छेद म्हणजे सोनं. आपल्याकडे पण असतोच की, "पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

जुनेपुराणे
आपल्याकडे तेवढं सोपं नाही. १९१८ सालच्या पेपरात गावाकडच्या साध्या माणसाची निधनवार्ता सापडणं मुश्कील, ती वकील, मामलेदार, संपादक, सावकार यांची. घराघरातल्या निधनवार्ता छापायची रीत खूप नंतरची. त्या काळी मरणाची बातमी कार्डाने जायची आणि त्या कार्डाचं काय करायचे ते सगळ्यांना माहीत आहे.

मीच_तो
मला नाही माहीत, काय करायचे?

जुनेपुराणे
शुभ पत्राला कोपऱ्यात हळद-कुंकू लावतात. अशुभ पत्रावर वर 'श्री' सुद्धा नसायचा, आणि वाचून झालं की दारातच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. त्यामुळे कोणाच्याही ट्रंकेत बघा, बारशी, मुंजी, लग्नं, पीक-पाणी, पैशाची मागणी, सगळं सापडेल. मरण सापडणार नाही. माझ्याकडे पणज्यापासूनची दोनशेच्या वर पत्रं आहेत, त्यात एकही माणूस मेलेला नाही.

आत्याबाई
"त्यात एकही माणूस मेलेला नाही." 👌 आणि पुढे त्यांच्याबद्दल लिहायचे बंद होतात, बस.

रानजाई
कात्रण आजोबांच्या मामींचं आहे. मी वर वर वाचून ठेवून दिलं होतं कारण ते १९६४ चं आहे, म्हटलं त्याचा काय संबंध. आत्ता पूर्ण टाइप करते, नावं गाळून:

"येथील वयोवृद्ध श्रीमती ... यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. तरुणपणी वैधव्य आले असताही त्यांनी आपल्या दोन मुलींसह, मातापित्यांविना पोरक्या झालेल्या भाच्याचा पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळ केला. त्यांच्या पश्चात दोन विवाहित मुली, भाचा व नातवंडे असा परिवार आहे."

आत्याबाई
रानजाई.
"मातापित्यांविना पोरका."
परागंदा झालेल्या बापाच्या मुलाला कोणी पोरका म्हणत नाही गं.

पाटीपेन्सिल
आणि "तरुणपणी वैधव्य" पण वाचा. म्हणजे मामाही लवकर गेले. कधी गेले ते माहीत आहे का?

रानजाई
मामांबद्दल काहीच माहीत नाही. आजोबा 'मामाकडे वाढलो' म्हणायचे पण गोष्टी सगळ्या मामींच्याच सांगायचे. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

जुनेपुराणे
त्या नऊ पोस्टकार्डांच्या तारखा बघा. साल नसेल तर पोस्टाचा शिक्का बघा, शिक्का पुसट असेल तर राजा बघा. एडवर्ड असेल तर १९०२ ते १०, पंचम जॉर्ज असेल तर १९११ नंतरचं. आणि किंमत पाव आणा असेल तर १९२२ च्या आधीचं, त्या साली अर्धा आणा झाली.

रानजाई
सगळी पंचम जॉर्ज, सगळी पाव आणा. सहा शिक्के वाचता येतात. पहिलं १९१४ चं, पणजीला तिच्या भावाने लिहिलेलं, "चि. सौ. ताईस". शेवटचं ऑगस्ट १९१८ चं. त्यात फक्त पाऊस नाही, चारा नाही, भाव चढलेत, पोराला जपा एवढंच आहे. त्यानंतर एकही कार्ड नाही. मग थेट हा मोडी कागद.

गोदाकाठ
ऑगस्ट १९१८ नंतर काहीच नाही... इन्फ्लुएंझा. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला आणि साथीची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात आली. देशात कोटीच्या वर माणसं गेली, आणि म्हातारी-कोतारी नाही, वीस ते चाळीसमधली धडधाकट. त्यातही बायका जास्त. आमच्या गावात अजून म्हातारे म्हणतात, एकाला पोचवून येईपर्यंत घरी दुसरा तयार.

बोरू_टाक
गोदाकाठ, तुमच्याकडचे म्हातारे त्या साथीला काय म्हणायचे?

गोदाकाठ
इन्फ्लुएंझा कोणाला म्हणता येतंय, मानमोडीच म्हणायचे. मान मोडून पडायचा माणूस.

अरे देवा.

बोरू_टाक
रानजाई, आडव्या उजेडातला फोटो काढलात का?

रानजाई
आत्ता काढला. टाकला आहे. हात थरथरतोय त्यामुळे थोडा हलला आहे.

बोरू_टाक
पुरेसा आहे. पहिल्या 'म' ला काना आहे. घडीच्या वर 'म' आणि 'ड' च्या मधल्या कान्यावर मात्रा आहे, शाई नाही पण ओरखडा स्पष्ट दिसतोय, म्हणजे 'मा' नाही 'मो'.

"आबा मानमोडींत गेले ते आपणांस श्रुत आहेच."

आत्याबाई
🙏

पाटीपेन्सिल
काही सुचत नाहीये.

चहाटळ
मी आधी केलेले सगळे विनोद मागे घेतो.

मीच_तो
पण एक समजलं नाही, मामींना तर माहीत होतं ना? आजोबांना कोणीच सांगितलं नाही?

आत्याबाई
@मीच_तो, दोन वर्षांचं पोर "बाबा कुठेत" विचारतं तेव्हा काय सांगतात? गावाला गेलेत. एकदा सांगितलं की रोज तेच सांगावं लागतं. मग पोर मोठं होतं, विचारायचं थांबतं, आणि कोणाला वाटतं कळलं असेल आपोआप. आमच्या आईलाही तिच्या भावाबद्दल असंच सांगितलं होतं.

रानजाई
आत्ता बाबांना फोन केला. ते म्हणाले हा कागद आजोबांनी स्वतः कधीच वाचला नव्हता, त्यांना मोडी येत नव्हती, ते निजामाच्या शाळेत शिकले. पंचावन्न-छप्पनच्या सुमारास जमिनीच्या कामासाठी कागद काढला तेव्हा कुणा मास्तरांकडून वाचून घेतला आणि मास्तरांनी सांगितलं, तुमचे वडील मनमाडला गेले. म्हणजे मी जे वाचलं तेच मास्तरांनी वाचलं. घडी तेव्हाही तिथेच होती. आणि आजोबांना लहानपणापासून 'गावाला गेलेत' माहीत होतंच, त्या दिवशी त्यांना गावाचं नाव मिळालं.

बाबा म्हणाले, त्याच्या आधी ते मनमाडला उतरायचे नाहीत.

साखळीवाला
आणि हा एवढाच कागद का टिकला तेही कळलं. बातमीची कार्डं फाडली असणार, पण यात जमिनीचा विषय होता. जमिनीचा कागद आपल्यात कोणी फाडत नाही.

नमुना १४ काढा. १९१८ ऑक्टोबर-नोव्हेंबर.

तिरकस
किल्ली नसेल तर दुपारी तीननंतर जा, जेवून आलेले असतात. आणि साहेबांना नाही, दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. चहा पाजा. सातव्या चकरेला मला कळलं हे.

पाटीपेन्सिल
सातव्या?? 😄

*(तीन आठवड्यांनी)*

रानजाई
मंडळी, धागा वर काढतेय.

गेले होते. तिरकस, तुमचा सल्ला एक नंबर, तीननंतर गेले आणि ज्यांच्याकडे दप्तर असतं त्या मामांना भेटले. पहिल्या दिवशी १९१७ निघालं, १९१९ निघालं, मधलं नाही. मी म्हटलं झालं, वाळवी. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच दुसऱ्या गावच्या गठ्ठ्यातून काढून ठेवलं होतं, चुकून तिकडे बांधलं गेलेलं.

साधारण महिन्याला दोन-तीन नोंदी असलेली वही आहे. ऑक्टोबर १९१८ ला पान भरून पुढच्या पानावर गेलीय. अक्षर सुरुवातीला रेखीव आहे, मग घाईचं होत जातं आणि मध्येच एका ठिकाणी अक्षरच बदलतं, दुसऱ्या कोणीतरी लिहायला घेतलंय. मामा म्हणाले पहिला लिहिणारा पण गेला असणार, वर बघा. खरंच, चार ओळी वर नाही पण सहा ओळी खाली, व्यवसायाच्या रकान्यात कुलकर्णी, म्हणजे गावचं दप्तर लिहिणाराच.

पणजोबांची नोंद आहे. वय २६. कारण: ताप. सगळ्यांचंच कारण ताप आहे, एका म्हाताऱ्याला सोडून, त्याला साप चावला होता. पणजी त्यांच्या दोन दिवस आधीची. तिचं वय २० लिहिलंय. तिचं नाव पण आहे, स्वतःचं, नुसतं 'अमक्याची बायको' नाही. आम्हाला ते माहीत नव्हतं. कुठे लिहिणार नाहीये, आमच्यापुरतं ठेवते.

फेरफारही मिळाला. वारस म्हणून आजोबांचं नाव, आणि पुढे अ. पा. क. म्हणून चुलत्याचं.

साखळीवाला
अज्ञान पालनकर्ता. म्हणजे पत्र लिहिणारा तोच चुलता. त्याने जमीन स्वतःच्या नावावर लावून घेतली नाही, पोराच्या नावावर लावली आणि पोराच्या मामांना कळवायला कागद पाठवला. आमच्या नोकरीत उलटंच जास्त पाहिलं. त्याचे वारस असतील तर जा भेटायला.

रानजाई
हो, पुनर्वसनातल्या नव्या गावात आहेत म्हणे. पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी जातोय.

आत्याबाई
बाबा कसे आहेत?

रानजाई
ठीक. नोंदीची झेरॉक्स दाखवली तर चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "सव्वीस. म्हणजे तुझ्या भावापेक्षा लहान." मग म्हणाले आजोबांना पाण्याची बाटली घेऊन फलाटावरून परत येताना बघायचो, ती बऱ्याचदा रिकामीच असायची.

गोदाकाठ
🙏🙏

मीच_तो
मंडळी, विषयांतराबद्दल माफ करा पण हा धागा वाचून मी पण आमची पेटी उघडली. एक मोडी पत्र आहे. मला थोडंफार लागलं ते असं, "दादा मुंबईस बोटीत बसले". आमच्या घरात सगळे सांगतात दादा आफ्रिकेला गेले. आता मला कशाचीच खात्री वाटेना. बोरू काका?

बोरू_टाक
फोटो टाका. फ्लॅश नको, उजेड आडवा.